चाळीस कार्डं, चार चाकं

"दुपारपर्यंत चाकं अशी काळीभोर करतो, की गाडी स्वतःलाच ओळखणार नाही!" चष्मेवाल्यांनी सकाळी सकाळीच जाहीर केलं.

कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान, म्हणून सगळ्या गल्लीचे ते चष्मेवाले. हातात रबरी रंगाचा स्प्रे होता. तो मारला की रिमवर रबराचा पातळ थर बसतो, आणि नको झाला की संत्र्याच्या सालीसारखा सोलून काढता येतो.

"म्हणजे पसंत नाही पडलं तर परत?" पायरीवर बसलेली आई म्हणाली. "ही सोय लग्नाच्या वेळी माझ्या सुनेला असायला हवी होती!"

खरं तर सगळा खटाटोप त्या सुनेसाठीच चालला होता. आज पाच वाजता ती हॉस्पिटलची मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसची प्रमुख, होणार होती, आणि तिला भाषण करायचं होतं. ऑपरेशन थिएटरमध्ये कधी न डगमगलेली ही बाई माईक दिसला की लटपटायची. मागच्या समारंभात ती "नमस्कार" म्हणाली आणि पुढचं काही सुचेना म्हणून सरळ खाली जाऊन बसली. लोक हसले, ते तिला अजून बोचत होतं. या वेळी तिने आठवडाभर खपून भाषण लिहिलं होतं. बायकोने निदान गाडीतून तरी ऐटीत उतरावं, असं चष्मेवाल्यांना मनापासून वाटत होतं.

आता तुम्ही म्हणाल, स्प्रे मारायला असा किती वेळ लागतो? मारायला लागत नाहीच हो, तयारीत जीव जातो! ब्रेकची काळी भुकटी रिमच्या कानाकोपऱ्यांत जाऊन बसलेली. चष्मेवाल्यांनी साबण लावला, ब्रश मारला, स्पिरिटने पुसलं, पुन्हा पुसलं. शिंतोडे उडायला लागले तेव्हा चष्मा काढून खिडकीत ठेवला. दुसऱ्यांना चष्म्याशिवाय दुकानाबाहेर पाऊल टाकू न देणारा हा गृहस्थ!

शेवटची पायरी म्हणजे टायरवर रंग उडू नये म्हणून टायर आणि रिमच्या फटीत जाड कार्डं खोचायची. ते घरात गेले आणि टेबलावरचा पांढरा गठ्ठा घेऊन आले.

"कोरी आहेत ना रे?" आईने विचारलं.

"दुधासारखी पांढरी! आणि गंमत बघ, एका चाकाला दहा, चार चाकांना बरोबर चाळीस! एकही उरलं नाही!"

एवढ्यात ड्युटी संपवून मेट्रनबाई आल्या, घरात गेल्या आणि तशाच बाहेर धावल्या.

"अहो, टेबलावर माझं भाषण होतं! एका कार्डावर एक वाक्य, पेन्सिलने लिहिलेलं!"

चष्मेवाले स्प्रे हलवत होते. हात थांबला, पण बोट दाबलं गेलं, आणि त्यांचा उजवा बूट काळा झाला. त्यांनी धडपडत चष्मा घातला. पुढच्या चाकावर स्वच्छ दिसलं, 'आदरणीय डॉक्टर आणि माझ्या सहकाऱ्यांनो.'

"नंबरसुद्धा घातले नव्हते हो मी!" बाईंचा आवाज रडवेला झाला. "संपलं. आज पुन्हा 'नमस्कार' करून खाली बसायचं."

"थांब, थांब! मी एकामागून एकच लावलीयेत. पुढच्या डाव्या चाकापासून, घड्याळाच्या काट्याप्रमाणे. काढायचीच नाहीत, वाचत जायचं!"

मेट्रनबाई चाकापाशी उकिडव्या बसल्या. दहा वाक्यं झाली की उठायचं, पुढच्या चाकाशी पुन्हा बसायचं. खालची वाक्यं उलटी होती.

"गाडी ढकला जरा!"

आई स्टिअरिंगवर बसली, चष्मेवाल्यांनी मागून खांदा लावला, आणि वाक्यं सुलटी झाली! तिसऱ्या चाकावरची चार तर चष्मेवाल्यांच्या काळ्या बोटांच्या ठशांखाली गडप झाली होती. तिथे बाई मनानेच बोलल्या, आणि ते लिहिलेल्यापेक्षा बरं निघालं. पाचव्या फेरीला त्या कार्डांकडे बघतही नव्हत्या.

पावणेपाच वाजले. चष्मेवाले कार्डं काढायला वाकले.

"हात लावू नका! तिथे पोचल्यावर शेवटची फेरी मारते."

गाडी निघाली, आणि प्रत्येक वळणावर दोन-चार वाक्यं रस्त्यावर पडत गेली. हॉस्पिटलपाशी उतरून बघतात तर एकच कार्ड शिल्लक, 'एवढे बोलून मी थांबते.'

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. चष्मेवाले हळूच म्हणाले, "अगं, गाडी समोर आहे असं समज."

आणि बाई बोलल्या! वीस मिनिटं, न अडखळता. सभागृह हसलं, पण या वेळी त्यांच्या विनोदांना. आईने पदराने डोळे टिपले. चष्मेवाल्यांनी टाळ्या एवढ्या वाजवल्या, की चष्मा नाकावरून घसरला.

समारंभ संपल्यावर मोठे डॉक्टर स्वतः जवळ आले.

"मेट्रन, भाषण अप्रतिम! फक्त उद्या गुडघ्यांचा एक्स-रे काढून घ्या. दर दहा वाक्यांनी तुम्ही चार पावलं चालून खाली बसत होता."

घरी आल्यावर बुटावरचा रंग सोलता सोलता चष्मेवाल्यांनी हळूच विषय काढला, "चाकांची तयारी झालेलीच आहे. उद्या मारू का स्प्रे?"

"मुळीच नाही!" मेट्रनबाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात मला पुन्हा बोलायला बोलावलंय. चाकं लागतील मला!"