सासरेबुवांच्या दारातली माती

"जावईबापू, तुमच्या त्या कॉम्प्युटरात नुसती चित्रातलीच माती असते, की खरीही मावते थोडीफार?"

सासरेबुवांचा फोन नेमका कामाच्या ऐन घाईत यायचा. जावईबापूंनी फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला, हात माउसवरच ठेवला आणि तोंडाने नुसतं "हे हे हे" केलं. सासऱ्यांच्या विनोदाला हसावं लागतं. लग्न ठरवताना बाकी सगळं सांगतात, एवढं मात्र कुणी सांगत नाही.

या जावयाला ऑफिसात सगळे 'कंटूर' म्हणत, नकाशावरच्या चढउताराच्या रेघेवरून. उंचसखल जमिनी सपाट करून देणं हा त्या ऑफिसचा धंदा, अर्थात कागदावर. जागेची मापं आली की कंटूर कॉम्प्युटरवर हुबेहूब तशीच जमीन उभी करायचा, खड्ड्याटेकाडांसकट. मग मालकाला हवी असलेली सपाट जमीन त्यावर ठेवायचा आणि दोन्हींची तुलना करून सांगायचा, की कुठे किती खोदायचं आणि कुठे किती भरायचं. साइटवरची माणसं याला कटिंग-फिलिंग म्हणतात. कटिंग जास्त निघालं तर उरलेली माती कुठेतरी नेऊन टाकायची, फिलिंग जास्त निघालं तर कुठून तरी आणायची. या कामात कंटूरचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे साहेबांना मान्य होतं, बायकोला मान्य होतं. मान्य नव्हतं ते एकट्या सासऱ्यांना.

सासरे गणिताचे निवृत्त शिक्षक. गल्ली त्यांना 'सर' म्हणे, म्हणून जावईही सरच म्हणे. सरांची शाळा सुटली, पण गुण द्यायची खोड काही सुटली नाही. जावयाने केलेला चहा, दहापैकी चार. जावयाने भिंतीत ठोकलेला खिळा, दहापैकी तीन, "आणि तेही भिंतीकडे बघून दिलेत." लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरगा अजून पास व्हायचा होता.

"बोला सर, काय म्हणताय?"

"म्हणतो काय! फाटकातला डोंगर तसाच आहे. स्कूटर काढायची तर आधी गिर्यारोहण. तुमचा धंदाच मातीचा, म्हटलं विचारावं."

त्याचं असं झालं होतं, की सरांनी परसात एकाएकी कमळाचं तळं खोदून घेतलं होतं. का, ते गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. ज्या माणसाने जन्मात कधी तुळशीएवढ्या रोपाला पाणी घातलं नाही, त्याला कमळाचा पुळका यावा याचं मुलीलाही आश्चर्य वाटलं होतं. निघालेली माती फाटकाजवळ पडून होती. तळ्यात पाणी टिकत नव्हतं आणि कमळाचं तर नावच नको. सासूबाई त्याला "यांचं कोरडं तळं" म्हणत आणि म्हणताना तोंड फिरवून हसत.

कंटूरच्या पडद्यावर त्या वेळी एका गोदामाची जागा होती. मशीनला दोनच गोष्टी सांगायच्या होत्या: वरच्या चौकटीत आधीची जमीन, खालच्या चौकटीत नंतरची. कान सरांकडे, डोळे पडद्याकडे आणि अक्कल दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, अशा अवस्थेत कंटूरने दोन्ही चौकटी भरल्या आणि बटण दाबलं. उत्तर आलं: फिलिंग. भरपूर फिलिंग.

कंटूर खुर्चीत ताठ झाला.

"सर! आमच्या गोदामाला मातीच हवीय. तुमचा डोंगर मी उचलतो. डंपर पाठवतो, एक ढेकूळ मागे ठेवणार नाही."

मग सर म्हणाले, "नक्की?"

"शब्द देतो, सर."

"ठीक आहे. हे जमलं, तर... बघू."

सरांच्या तोंडून 'बघू' म्हणजे काय हे त्यांच्या विद्यार्थ्यांना विचारा. त्या एका शब्दावर पोरं सगळी सुट्टी देव पाण्यात घालून बसायची. कंटूरला तर खुर्चीतल्या खुर्चीत नाचावंसं वाटलं. त्याने लगोलग रिपोर्ट काढायला घेतला.

हा रिपोर्टचा साचा कंटूरने स्वतःच्या हाताने बनवला होता आणि त्याचा त्याला फार अभिमान. फक्त एक पत्ता भरायचा. फिलिंग निघालं की रिपोर्ट आपोआप लिहायचा, 'माती येथून आणावी'. कटिंग निघालं की लिहायचा, 'माती येथे टाकावी'. माणसाने डोकं चालवायचं कारणच उरलं नव्हतं. कंटूरने सरांचा पत्ता भरला आणि रिपोर्ट ठेकेदाराला पाठवून दिला.

इकडे सरांच्या छातीत अभिमान मावेना. शेजारी एक वकील राहायचे. दोघांच्या मध्ये एक बुटकी भिंत आणि वर्षानुवर्षांची चढाओढ. सरांनी भिंतीपाशी जाऊन मुद्दाम खाकरून सांगितलं, "आमचे जावई डंपर पाठवतायत. मोठं काम आहे त्यांचं, आपल्याकडची माती लागतेय."

"अरे वा! मग आमचीही चार घमेली घ्या की त्यात," वकील म्हणाले.

"चारच का? आणा हवी तेवढी!"

चार घमेली म्हणता म्हणता वकिलांनी पाडलेल्या मोरीचा सगळा राडारोडा त्या ढिगावर आणून ओतला. ते बघून गल्लीतल्या बाकीच्यांनाही आपापले कोपरे आठवले. कुणाची कुंड्यांतली जुनी माती, कुणाच्या फुटक्या कौलांचा चुरा. संध्याकाळी बायको कंटूरला म्हणाली, "अरे, बाबा गल्लीभर सांगत सुटलेत. ढीग खिडकीला लागलाय. लवकर उचल रे तो, नाहीतर माझं माहेर गाडलं जाईल."

"उद्याच्या उद्या उचलतो," कंटूर म्हणाला. माणूस खुशीत असला की त्याला उद्या फार जवळ दिसतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेबांच्या समोर गोदामाच्या जागेचा फोटो आणि कंटूरचा रिपोर्ट शेजारी शेजारी पडले होते.

"कंटूर, ही जागा कशावर आहे?"

"टेकाडावर, साहेब."

"टेकाड सपाट करायला माती बाहेरून आणायची?"

"रिपोर्टात तरी तसंच आलंय, साहेब."

"मग टेकाडाचं काय करायचं? चहाबरोबर खायचं?"

कंटूर धावत आपल्या टेबलाशी येऊन पाहतो तर काय, वरच्या चौकटीत नंतरची जमीन आणि खालच्या चौकटीत आधीची! मशीन बिचारं सांगितल्या कामाचं. गोदाम आधी होतं आणि त्याचं टेकाड करायचंय असं समजून त्याने इमानेइतबारे हिशेब केला होता. आकडा होता तेवढाच, फक्त जे भरायचं ते खोदायचं होतं आणि जे खोदायचं ते भरायचं.

"आत्ताच्या आत्ता नवा रिपोर्ट धाडा," साहेब मागून ओरडले. "ठेकेदार आजच मशीन लावतोय."

कंटूरने चौकटींची अदलाबदल केली, बटण दाबलं, 'आधीचा रिपोर्ट रद्द समजावा' असं वर लिहिलं आणि पाठवून दिलं. वाचून पाहायला वेळ कुणाला होता? शिवाय त्याच्या डोक्यात आता एकच घोळत होतं, सरांना काय सांगायचं. माती नेतो म्हणून शब्द दिला, आणि आता स्वतःचीच माती टाकायला जागा नाही! पास व्हायचं राहू दे, यापुढे वर्गात तरी बसू देतील का? त्याने बायकोला फोन लावला.

"तूच सांग ना बाबांना. तुझं ऐकतात."

"मुळीच नाही. तुझं तू बघ. मी माझं प्रगतिपुस्तक लहानपणीच दाखवून मोकळी झालेय."

कंटूर मनातल्या मनात वाक्यं जुळवत बसला. 'सर, एक तांत्रिक अडचण...' नको, तांत्रिक म्हटलं की सर खोलात शिरतात. 'सर, मालकाचा विचार बदलला...' हे बरं होतं. तेवढ्यात फोन वाजला. सरच.

"जावईबापू, शब्दाला जागलात! डंपर आला."

कंटूरला काही उमजेना. आपण तर माती आणायचा रिपोर्ट रद्द केला होता.

"डंपर? तुमच्याकडे?"

"फाटकात उभा आहे. फक्त एक शंका होती, मातीतलं मला काही कळत नाही म्हणून विचारतो. न्यायला आलेला डंपर भरून का आलाय?"

"सर, भरलेला आहे?"

"होता. आता रिकामा होतोय."

मागून घरघर आणि धबधब असा आवाज आला, आणि त्यात सासूबाईंचा, "अगं बाई, स्कूटर!" मग फोन बंद.

कंटूरने रिपोर्ट उघडला. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, सरांचा पत्ता. आणि त्याच्यापुढे: 'माती येथे टाकावी'. त्याने ठेकेदाराला फोन केला.

"थांबवा! ती जागा नाही! तिथे माझे सासरे राहतात!"

"मग आधी सांगायचं ना साहेब," ठेकेदार म्हणाला. "तुम्ही लिहिलं, आम्ही टाकलं. मागचे डंपर पण गल्लीत शिरलेत. गल्ली अरुंद, रिकामे झाल्याशिवाय काय वळत नाहीत ते."

कंटूर पोचला तेव्हा सासरचं फाटक दिसत नव्हतं. स्कूटरचा एक आरसा तेवढा मातीतून वर आला होता. वकिलांच्या बाजूने ढिगावर चढून, घसरत घसरत तो अंगणात उतरला. सर ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, हाताची घडी घालून, परीक्षेच्या हॉलमध्ये बसायचे तसे.

"या," सर म्हणाले. "काय झालं ते पायरी-पायरीने सांगा. गाळू नका."

जुळवलेली सगळी वाक्यं विरघळली. कंटूरने सगळं सांगितलं. चौकटी, फोन, साचा, पत्ता, सगळं. सर डोळे मिटून ऐकत होते.

"म्हणजे आकडा बरोबर होता?"

"हो सर. अगदी बरोबर."

"आणि चिन्ह?"

"उलटं."

"अधिकच्या जागी उणे."

"हो, सर." कंटूरचा चेहरा रडवेला झाला. "चुकलं माझं. मी माझ्या खिशातून सगळी माती उचलायला लावतो. तुमची, वकिलांची, सगळ्यांची."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून खो खो हसण्याचा आवाज आला. सासूबाई दाराला धरून उभ्या होत्या आणि त्यांना हसू आवरत नव्हतं.

"काय हसतेस?" सर गुरगुरले.

"आता सांगा ना त्यांना तळ्याचं! का मी सांगू?"

"काही गरज नाही."

"बरं, मीच सांगते. अहो जावईबापू, कसलं कमळ आणि कसलं तळं! आमचं परस रस्त्यापेक्षा दोन फूट खाली, पावसाचं पाणी साचायचं. म्हणून हे भर घालणार होते. यांनी दोरी लावून माप घेतलं आणि भिंतीवर खडूने लिहिलं, उणे दोन. म्हणजे जमीन दोन फूट खाली आहे. लिहिलं आणि गेले झोपायला. जेसीबीवाल्याने वाचलं उणे दोन, आणि खणली की आणखी दोन फूट!"

कंटूरने सरांकडे पाहिलं. सरांचे कान लाल झाले होते.

"मग तेव्हाच पुन्हा का नाही बुजवलं?"

"उठून बाहेर आलो तर भिंतीवर वकील," सर पुटपुटले. "म्हणाले, काय सर, तळं करताय वाटतं? मी म्हटलं... हो."

"आणि तेव्हापासून रोज सकाळी नळी घेऊन खड्ड्याला पाणी पाजतायत," सासूबाई म्हणाल्या. "जन्मभर पोरांचे गुण कापले चिन्हाच्या चुकीला!"

मग कंटूरला हसू फुटलं. तो दाबायला गेला तसं ते जास्तच फुटलं. सरांनी आधी डोळे वटारले, मग त्यांच्याही मिशा हलायला लागल्या.

"आकडा बरोबर, चिन्ह चूक," सर अखेर म्हणाले. "अर्धे गुण. तुम्हाला."

"आणि तुम्हाला?" सासूबाईंनी विचारलं.

"मलाही अर्धेच. नियम म्हणजे नियम."

कंटूर लॅपटॉप घेऊन परसात उतरला. आधीचे दोन फूट आणि खणलेले दोन फूट, असा चार फुटांचा खड्डा. दारातली सरांची माती, वकिलांचा राडारोडा आणि गोदामाच्या टेकाडाची इथे येऊन पडलेली माती, सगळं त्यात बसत होतं.

"फिलिंग आलं, सर."

"नक्की? चौकटी बघा."

"वर आधीची, खाली नंतरची."

"पुन्हा बघा."

दोघांनी डोकी जुळवून तीन-तीनदा पाहिलं. तो जेसीबीवाला आला, तर त्यानेही मशीन सुरू करण्याआधी विचारून घेतलं, "सर, या टायमाला भरायचंच आहे ना? लिहून नका देऊ, तोंडी सांगा."

माती पडायला लागली तसं भिंतीवरून वकिलांचं डोकं वर आलं. "काय सर, तळं बुजवताय वाटतं?"

सरांनी कपाळाला हात लावला. "काय सांगू वकीलसाहेब! जावयाच्या ऑफिसची चूक. भलतीकडची माती आमच्या दारात. आता पोरीकडे बघून गप्प बसायचं. सोडलं तळ्यावर पाणी!"

"अरेरे! कमळं आली असती हो यंदा." वकिलांनी कंटूरकडे नापसंतीने पाहिलं. "जरा बघून काम करत जा."

"हो," कंटूर मान खाली घालून म्हणाला. "चूक माझीच आहे."

वकिलांचं डोकं खाली गेलं. सरांनी दोन्ही बाजूंना पाहिलं, खुर्ची जावयाच्या जवळ ओढली आणि कुजबुजले, "छान. दहापैकी नऊ."

कंटूरच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आणि एक कुठे गेला, सर?"

"हसू दिसत होतं थोडं. वकील आहे तो, पुन्हा विचारील. तयारी ठेवा."