ताठ भाताचा सत्कार

सह्यपायथा विद्यापीठात संशोधन नेमकं कधी पूर्ण झालं असं समजावं, याबद्दल पूर्वी फार गोंधळ होता. कुणी म्हणे प्रयोग संपल्यावर, कुणी म्हणे निबंध छापून आल्यावर. अखेर विद्यापीठाने 'संशोधन उपलब्धी कक्ष' स्थापन केला आणि कक्षाने परिपत्रक काढून हा वैचारिक अंधार दूर केला. उपलब्धी म्हणजे जिचा सत्कार झाला ती. ज्या संशोधनाचा सत्कार झालेला नाही, त्याची नोंद 'वैयक्तिक समजूत' या सदरात घ्यावी.

सत्काराचा पुरावा म्हणजे फोटो. फोटोवर अक्षांश-रेखांश उमटलेले हवेत आणि ते संशोधनाच्या जागेचेच हवेत. हे शेवटचं कलम विचारपूर्वक घातलं होतं. आदल्या वर्षी वटवाघळांवरच्या संशोधनाचा सत्कार शहापूरच्या एका मंगल कार्यालयात झाला, आणि वार्षिक अहवाल वाचणाऱ्यांचा असा समज झाला की वटवाघळं त्या कार्यालयातच राहतात. यंदा चूक सुधारली. सत्कार थेट गुहेत झाला, बँजो लावून. वटवाघळं गेली ती गेलीच. पण उपलब्धी राहिली.

वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक शेखर वेखंडे यांनी हे परिपत्रक वाचलं नव्हतं. ते भातात होते.

शेखर मूळचा शेणव्याचा. परतीचा पाऊस आला की तिकडचं उभं भात आडवं होतं, लोंब्या चिखलात पडतात आणि दाण्याला खाचरातच मोड येतात. लहानपणापासून त्याने हेच पाहिलं होतं. म्हणून सलग तीन हंगाम त्याने जाड काडीची रोपं निवडून निवडून एक वाण तयार करत आणला होता. विद्यापीठाच्या कुंपणालगतच्या खाचरात त्याची शेवटची परीक्षा चालू होती. जगातलं त्या वाणाचं सगळं बी याच खाचरात उभं होतं. राखून ठेवलेलं बी होतं, नाही असं नाही. पण ते वर्धापनदिनी पाहुण्यांना मखमली पुरचुंडीतून स्मृतिचिन्ह म्हणून वाटण्यात आलं होतं.

ऑक्टोबरात पाऊस आला आणि सापगावपर्यंतची खाचरं झोपवून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेखर धावतच कुंपणाशी आला. त्याच्या गावची मैनाकाकी, खाचराची राखण आणि निंदणी करणारी, बांधावर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"ये बघ रं शेखर, कसा उभा हाय! पोलीस भरतीला आल्यागत."

"पडलं नाही काकी! एक काडी पडली नाही!"

"पन दाना अजून दुधाल हाय. आठ-धा दिस हात लावू नको. आन कोनाला सांगू पन नको."

शेखरने पहिला सल्ला मानला. दुसरा मानला नाही. त्याने उभ्या भाताचा फोटो काढला आणि विद्यापीठाच्या ग्रुपवर टाकला. खाली शास्त्रज्ञाला शोभेल असं सावधपणे लिहिलं: 'तूर्त उभे आहे. दाणा पिकून बी हाती आल्यावरच निष्कर्ष सांगता येईल.'

तो चहा पिऊन टपरीबाहेर आला तेव्हा फाट्यावर फ्लेक्स चढत होता. 'ताठ भाताचे जनक प्रा. शेखर वेखंडे यांचे हार्दिक अभिनंदन!' मध्यभागी कुलगुरू, त्यांच्या दोन्ही बाजूंना व्यवस्थापन परिषद, आणि तळाशी, जिथे फ्लेक्स छापणाऱ्याचा मोबाईल नंबर असतो त्याच्या जरा वर, ओळखपत्रावरच्या फोटोतला भेदरलेला शेखर.

उपलब्धी कक्षाच्या समन्वयक प्रा. अक्षदा फर्डे यांचा फोन आला. "सर, काँग्रॅट्स! रविवार फायनल. पाहुणे येतायत, मंत्रालयातून."

"मॅडम, भात अजून पिकलं नाही."

"सर, भाताचा सत्कार नाहीये, तुमचा आहे. तुम्ही रेडी आहात ना?"

"कार्यक्रम सभागृहात आहे ना?"

"कसं चालेल? अक्षांश-रेखांश खाचराचे लागतात. मांडव खाचरातच."

शेखर तसाच कुलगुरूंकडे गेला. कुलगुरू मोठ्या मनाचे होते. ऐकून घेताना ते नेहमी डोळे मिटत.

"सर, खाचरात मांडव घातला तर प्रयोगच राहणार नाही."

"वेखंडे, हा सत्कार कशाबद्दल आहे?"

"प्रयोगाबद्दल."

"म्हणजे प्रयोगासाठी एवढं सगळं चाललंय, आणि प्रयोगाने थोडी जागा द्यायची नाही?"

"फक्त दहा दिवस द्या, सर. बी हाती येऊ दे."

"दहा दिवसांनी पाहुणे परदेश दौऱ्यावर आहेत आणि अहवाल दिवाळीआधी बंद होतोय. मग तुमचं संशोधन वैयक्तिक समजुतीत जाईल. पुढच्या वर्षी खाचरही मिळणार नाही. तुमच्या भल्याचंच सांगतोय."

खाचर टिकवायचं असेल तर खाचर मोडायला हवं, हे गणित शेखरने वाटेत दोनदा मांडून पाहिलं, पण त्यात चूक सापडली नाही.

शुक्रवारी सापगावचा देवराम मांडववाला टेम्पो घेऊन आला. त्याने पायाने चिखल दाबून पाहिला.

"मास्तर, हितं खांब ठरायचा नाय. भात काढून मुरूम टाकाया लागंल."

"आरं मुडद्या, दुधाचा दाना कापतोस?" मैनाकाकी विळा घेऊनच पुढे आली. "खाचराला मुरूम दाखवतोस?"

"मावशे, मना काय हौस हाय? ऑर्डर हाय." मग देवराम शेखरचा चेहरा बघून हळूच म्हणाला, "मास्तर, असा करू. त्यो कोपरा सोडतो, स्टेजच्या मागं. कोनाला दिसायचा नाय."

कोपरा वाचला. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. शेखरने मनात हिशेब केला: एवढ्यातनं ओंजळभर बी मिळेल. ओंजळीतनं पुढच्या वर्षी वाफा, वाफ्यातनं पुन्हा खाचर. तो तिथेच बसून राहिला. मैनाकाकीने कोपऱ्याभोवती आपलं जुनं लुगडं बांधलं.

रविवारी सकाळी अक्षदा मॅडमना एक कल्पना सुचली. फुलांचे गुच्छ पर्यावरणाला मारक असतात. त्याऐवजी पाहुण्यांना ताठ भाताच्या लोंब्यांचा गुच्छ दिला तर? शेखर तेव्हा हॉस्टेलात फेटा बांधून घेत होता. आला तेव्हा कोपऱ्यात लुगडं होतं, आत नुसती धसकटं होती, आणि स्टेजवर चंदेरी रिबीन बांधलेले सुबक गुच्छ होते.

"मी आडवी झोपले रं," मैनाकाकी म्हणाली. "तर त्या बाई म्हनल्या, काकी, तुमचा पन गुच्छ देऊन सत्कार करू."

पाहुणे आले. त्यांना भात बघायचं होतं. कुणाचा काहीच आक्षेप नव्हता, पण भात नव्हतं. उपलब्धी कक्ष मात्र तयारीत होता. सापगावातून पडलेलं भात आणून, काडी काडी बांबूच्या कामट्यांना बांधून, पिंपात उभं केलेलं होतं. पाहुण्यांनी त्यावर मायेने हात फिरवला.

"वा! काय ताठ आहे!"

"बांबू हाय तो," मैनाकाकी मागून म्हणाली.

"बांबूचेही गुण आहेत यात," कुलगुरूंनी खुलासा केला. टाळ्या झाल्या. वार्ताहराने ते लिहून घेतलं.

मग शाल आली. फोटोग्राफर म्हणाला, "सर, जरा खाली वाका, शाल फ्रेममध्ये येत नाही." शेखर वाकला. एवढ्या वाऱ्यात, पावसात त्या खाचरात काहीही वाकलं नव्हतं. फोटो उत्तम आला. अक्षांश-रेखांश तंतोतंत जुळले.

संध्याकाळी मुरूम तुडवत शेखर खाचरात उभा राहिला आणि त्याने ग्रुपवर सगळं लिहिलं. काहीही आडपडदा न ठेवता. प्रयोग संपला. बी हाती आलं नाही. वाण नष्ट झाला. सत्काराने झाला. मी गप्प राहिलो. ज्यांना वर्धापनदिनी पुरचुंडी मिळाली असेल त्यांनी कृपया ती परत द्यावी. वर त्याने पहिलाच, उभ्या भाताचा फोटो लावला. दुसरा त्याच्याकडे नव्हताच.

उत्तरं धडाधड आली. 'हार्दिक अभिनंदन सर.' 'ग्रेट.' 'विद्यापीठाची मान उंचावली.' कुलगुरूंचा अंगठा आला. अक्षदा मॅडमनी लिहिलं: 'सर, हे "अपयशातून शिकणे" या नव्या सदरात बसतं. सत्काराची तारीख कळवते. जागा तीच ठेवू ना?'

आणि या सगळ्यात एकच उत्तर वेगळं होतं. ग्रंथपाल भगीरथ दळवींचं. 'भावपूर्ण श्रद्धांजली.'

शेखरचे डोळे भरून आले. एकाने तरी वाचलं. त्याने तिथल्या तिथे फोन लावला.

"दळवी, तुम्हीच एक माणूस निघालात हो."

"अरे सॉरी सॉरी सर! मुरबाडच्या ग्रुपवर टाकायचं होतं, चुकून तुमच्यात पडलं. आत्ता डिलीट करतो. बाकी तुमचं काय, प्रमोशन का? अभिनंदन हं!"

तो मेसेज पुढे बराच फिरला. शहापूर, मुरबाड, मग कुठे कुठे. तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला. लांबलचक होता, वर उभ्या भाताचा फोटो होता. आठवत नाही? आठवणार नाहीच. पण जरा वर सरकवून बघा. त्याच्याखाली जोडलेले दोन हात आहेत ना, ते तुमचे आहेत.