दामूअण्णांच्या मूर्ती

दामूअण्णांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा "या, बसा"च्या आधी त्यांनी मला बजावलं, "पाय जपून टाका, मूर्ती आहेत." खाली पाहिलं तर नुसते दगड. अण्णांच्या मते अश्मयुगातले.

पिंपरीला कारखाना नवा, आमची वसाहतही नवी. पाया खणताना निघालेला बराचसा दगड आमच्या या शेजाऱ्याकडे मुक्कामाला असे. बायको वारल्यापासून अण्णा एकटेच राहत. दिवसभर स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायचे आणि संध्याकाळी पवनेच्या काठी वाकून फिरायचे. काही हाती लागलं की पहिला प्रश्न, "विधी काय असेल?" उत्तरही तेच देत. उभा दगड पावसासाठी, आडवा पिकासाठी. गोल निघाला तर "प्रकार गूढ आहे" म्हणून गप्प बसत.

एकदा भोसरीच्या गेनू दूधवाल्याने त्यातला एक ओळखला. "अण्णा, ह्यो आमचाच हाय की. म्हशीचा खुटा ठोकायचा दगुड."

"म्हणजे पशुधनाचा विधी," अण्णा म्हणाले आणि दगड परत जागेवर ठेवला. अशा माणसाशी वाद कोण घालणार?

एखाद्या जाणकाराने "ही मूर्ती खरी" म्हणावं, एवढीच त्यांची आस होती. शेवटी मीच ओळखीच्या एका प्राध्यापकांना पुण्याहून आणलं. अण्णा धुवट कोट घालून तयार. प्राध्यापकांनी सगळं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "नदीतले गोटे आहेत हो." मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हात धुवायला ते आत गेले आणि खाटेपाशीच थबकले. उशीवर मुठीत मावेल एवढी काळ्या दगडाची बाई होती.

ती उचलून ते म्हणाले, "ही अस्सल आहे. फार जुनी. संग्रहालयात ठेवू, खाली तुमचं नाव लावू."

अण्णांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. पण ते लगेच म्हणाले, "ही नाही देता येणार."

"अहो, अभ्यास व्हायला हवा. हिचा विधी काय असेल, कुणाला ठाऊक?"

"मला ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. "आमच्या मंडळी शेवटच्या तापात हिला मुठीत धरून पडायच्या. गार वाटतं म्हणायच्या."

प्राध्यापकांनी मूर्ती हलकेच होती तिथे ठेवली. एकट्या माणसाच्या त्या खाटेवर उशा दोन होत्या.