लोमाजी अस्वलाचं गळू आणि दोन प्रवासवर्णनं

एका जंगलात सगळं काही होतं, मुलांनो. नदी होती, राजा होता, राजाची स्तुती करणारे होते. फक्त त्या जंगलाचं प्रवासवर्णन कुणी लिहिलं नव्हतं. त्यामुळे आपण नेमके कसे आहोत, हे तिथल्या प्राण्यांना ठाऊक नव्हतं.

मग उत्तरेकडून, बर्फाच्या डोंगरांवरून, एक करकोचा आला. त्या काळी प्रवासी महिनोन्‌महिने प्रवास करून यायचे आणि आल्या आल्या लिहायला बसायचे. करकोचा लोमाजी अस्वलाकडे तीन दिवस उतरला.

आता लोमाजीला नेमकं त्याच वेळी गळू झालं होतं. कुठे? बसायच्या जागी. हसू नका. तुम्हाला झालं म्हणजे कळेल.

बिचारा उभ्यानेच जेवायचा. मोहाची फुलं तोंडात टाकायचा आणि ठणका लागला की "अगं आई गं!" म्हणायचा. जेवण झालं की त्याची बायको मोहाबाई त्याला झाडामागे नेऊन अळशीचं पोटीस बांधायची.

करकोच्याने विचारलं, "हे उभ्याने का जेवतात?"

मोहाबाई लाजली. परक्यासमोर त्या जागेचं नाव कसं घ्यायचं? ती म्हणाली, "आमच्यात तशीच पद्धत आहे, भावजी."

करकोच्याने लिहून घेतलं : 'या देशी अस्वले उभ्याने भोजन करतात. भोजनात मध्येच "अगं आई गं" हा मंत्र म्हणतात. भोजनोत्तर पत्नी पतीला वृक्षामागे नेऊन त्याची गुप्त पूजा बांधते.'

करकोचा गेला. गळू फुटलं. लोमाजी पूर्वीसारखा मांडी घालून जेवू लागला. ग्रंथ मात्र देशोदेशी पोचला.

बऱ्याच वर्षांनी पश्चिमेच्या वाळवंटातून एक उंट आला. त्याच्या पाठीवर करकोच्याचा ग्रंथ होता. तो थेट लोमाजीच्या दारात उभा राहिला. लोमाजी जेवत होता.

"इथे अस्वलं कुठे राहतात?" उंटाने विचारलं.

"मीच की अस्वल."

"शक्य नाही. तुम्ही बसलेले आहात."

"मग कसा असू?"

उंटाचा चेहरा पडला. "सातशे कोस चालून आलो हो मी," तो म्हणाला. "एवढंच बघायला."

लोमाजीला वाईट वाटलं. पाहुण्याचं मन कशाला मोडा, म्हणून तो उठला. आता त्याचं वय झालं होतं. उठताना गुडघे कडकड वाजले आणि तोंडातून आपोआप निघालं, "अगं आई गं!"

उंटाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने लिहिलं : 'प्रत्यक्ष पाहिले. मंत्रही ऐकला. परक्यांपासून लपवण्यासाठी ही मंडळी आधी बसल्याचे सोंग करतात.'

दुसराही ग्रंथ गाजला. तेव्हा सिंहमहाराजांनी दोन्ही ग्रंथ कोल्हेपंडितांपुढे टाकले आणि म्हणाले, "तुलना करा. आम्ही कसे आहोत ते आम्हाला कळलं पाहिजे."

पंडितांनी वर्षभर तुलना केली. मग भर दरबारात सांगितलं, "महाराज, करकोचा म्हणतो, इथे उकाड्याने जीव जातो. उंट म्हणतो, थंडीने हाडं गारठली. करकोच्याला आपली नदी म्हणजे ओढा वाटली. उंटाला समुद्र वाटली. करकोचा म्हणतो, राजा प्रेमळ आहे. उंट म्हणतो..." पुढचं वाक्य पंडितांनी मनातल्या मनात वाचलं. "असो. सगळ्या बाबतीत मतभेद. एकमत फक्त अस्वलांच्या जेवणावर आहे. त्याअर्थी तेवढंच खरं."

महाराज खूश झाले. हुकूम सुटला. अस्वलांनी उभ्याने जेवावं, मंत्र तीनदा म्हणावा. बसून जेवेल तो अस्वल नव्हे. मोहाची झाडं अस्वलांची, तेव्हा त्याला फुलंही नाहीत.

लोमाजीचे गुडघे उभ्याने जेवण्यातले राहिले नव्हते. तो दरबारात गेला. मोहाबाई मागून शेपूट ओढत होती, तरी त्याने सांगून टाकलं.

"महाराज, मला गळू झालं होतं हो. बसायच्या जागी."

दरबारात खसखस पिकली.

"ग्रंथात गळवाचा उल्लेख नाही," कोल्हेपंडित म्हणाले.

"लाजेपायी सांगितलं नाही आम्ही! आणि उंटानं करकोच्याचं वाचूनच लिहिलंय."

"म्हणजे अभ्यास करून लिहिलंय. तुम्ही काय वाचलंय?"

लोमाजीने काहीच वाचलं नव्हतं. तो फक्त अस्वल होता.

महाराज म्हणाले, "लोमाजी, उभा राहून जेव, नाहीतर चालू लाग."

लोमाजी चालू लागला. अन्याय झाला होता, मुलांनो, सरळसरळ अन्याय. मला अजून त्या कोल्ह्याचा राग येतो.

नवरा-बायको अकरा दिवस चालले. डोंगरापलीकडे दुसरं जंगल लागलं. तिथे एका म्हाताऱ्या सांबरीने त्यांना घरी बोलावलं. पाय धुवायला पाणी दिलं. भाजलेले कंद आणि मधाचं पोळं काढलं. लोमाजीने सुस्कारा सोडला आणि मांडी घातली.

"अगंबाई, उठा उठा!" सांबर धावत आली. "आम्हाला अगदीच अडाणी समजू नका हो. दोन्ही ग्रंथ आहेत आमच्या घरात."

तिने जेवणाचं पान उंच फांदीवर मांडलं होतं. भोवती फुलं वाहिली होती. म्हाताऱ्या पायांवर ताटकळत तिने सकाळपासून हे केलं होतं. जेवण संपल्यावर जायला झाडाआडची जागाही सारवून ठेवली होती.

लोमाजीने मोहाबाईकडे पाहिलं. मोहाबाईने मान खाली घातली. खरं सांगायला त्याने तोंड उघडलं, पण सांबर इतक्या कौतुकाने बघत होती की त्याच्याने सांगवेना.

लोमाजी उठला आणि उभ्याने जेवला.

तात्पर्य : पाहुणा लिहिणारा असेल, तर त्याच्याशी मुळीच चांगलं वागू नये. दारातूनच वाटेला लावावं. तो आपल्याला उद्धट म्हणून लिहील, लिहू द्यावं. उद्धटांना निदान बसून जेवता येतं.