सोनूबाईची मान आणि चंपाची फुगडी

"यंदा गौरीला फुगडीत चंपाला चक्कर नाही आणली, तर नाव बदलेन!" नाहूरच्या अख्ख्या बिल्डिंगला सोनूबाईने ऐकवून ठेवलं होतं. आणि मान? तिच्यापेक्षा गंजलेला नळ बरा! गेल्या गौरीला फुगडी घालताना चंपाचा हात म्हणे घामाने सुटला, सोनूबाई धाडकन आपटली, तेव्हापासून मान डावीकडे वळली ती वळलीच. समोरच्याशी बोलायचं तर अख्खी बाई बेस्टच्या बससारखी वळवायला लागायची!

शेवटी सुनेने, कल्पिताने, तिला मुलुंडच्या एका व्यायामाच्या वर्गात घातलं. तिथे उड्या नाहीत, घाम नाही. शिकवणाऱ्या विनिता मॅडम म्हणायच्या, "आजी, मानेला ढकलू नका. डोळे मिटा, कंबरेपासून गोल डुला, एकदम सावकाश. कुठे अडतंय ते नुसतं ओळखा. श्वास सोडताना हुंकार द्या."

"एवढंच ना? हे तर मी झोपेत करीन!"

दिवेलागणीला सोनूबाई चटईवर बसली. मानेवर ओझं नको म्हणून अंबाडा सोडला. डास फार, म्हणून धूप पेटवला. धूर कोंडला, म्हणून दार सताड उघडलं. आणि डोळे मिटून लागली डुलायला. "हुंऽऽ… हुंऽऽ…" अगं बाई! कंबर हलली की पाठ हलते, पाठ हलली की मानही! साठ वर्षं एका अंगात राहून यांची ओळखच नव्हती!

तेवढ्यात समोरच्या खोलीतली चंपा विरजण मागायला दारात आली. वाटी खणकन खाली!

"गे बाये! सोनूच्या अंगात देवी इली! धावा रे!"

मजला गोळा झाला. खालच्या सीतारामने नारळ फोडला. शेजारच्या शीतलने पायांवर तांब्याभर पाणी ओतलं, कुणी कपाळभर कुंकू फासलं. सोनूबाईला धक्काच बसला! 'अगं, क्लासचा अभ्यास करतेय' असं सांगायला तिने एक डोळा किलकिला केला, तर चंपा पायांवर आडवी! चंपा! आता ही गंमत सोडते होय?

"हुंऽऽ! बोल! काय लपवलंस?"

चंपा उठून तिच्या उजव्या अंगाला हात जोडून बसली. "आई, माका माफ कर! गेल्या गौरीक हात घामान सुटूक नाय. मीच सोडलंय! सोनू जिंकत होती गे!"

"काय?"

कट्ट! सावकाश-बिवकाश गेलं खड्ड्यात. सोनूबाईची मान डावीकडून जी फिरली, ती थेट उजवीकडे, चंपाच्या तोंडावर! आणि तिथेच अडकली.

डोळ्यांतून नुसता जाळ! पण वळवायला जावं तर मान हलेचना.

चंपाने डोळ्यांना पदर लावला. "बघलात? देवी माझ्यावरसून नजर काढणा नाय! केवढी माया!"

गौरी परवावर आल्यात. चंपा रोज सकाळी न चुकता येते, सोनूबाईच्या उजव्या अंगाला हात जोडून बसते, आणि जाताना वाटीभर विरजण घेऊन जाते.