भिंतीपर्यंत

“विमा म्हणजे काय हो? घराला शिवलेला कोट! आणि कोटातलं मला कळत नसेल, तर मग या जगात कुणाला कळतं?”

असं मास्तर भर सभेत म्हणाले, तेव्हा त्यांची बायको मागच्या रांगेत बसून आपली नखं बघत होती. इतक्या वर्षांच्या संसारात तिला एक गोष्ट पक्की कळली होती. नवरा या सुरात बोलायला लागला, की घरात काहीतरी मोडतं!

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. बाजारात त्यांचं कोट-पँटचं दुकान होतं. गळ्यात टेप, कानावर खडू, आणि समोरच्या माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याच्या खांद्यांचं माप डोळ्यांनी घ्यायची सवय. नुकतंच त्यांनी एक रो-हाउस घेतलं होतं. वर दोन खोल्या, खाली दोन, पुढे हातरुमालाएवढी बाग. अशी घरं एका रांगेत एकमेकांना खेटून उभी, जशी काही फोटोसाठी दाटीवाटीनं बसलेली मंडळी. ह्याची उजवी भिंत ती त्याची डावी. आणि या सगळ्यांची मिळून एक सोसायटी.

सोसायटीच्या सेक्रेटरी पूर्वी मुख्याध्यापिका होत्या. सगळे त्यांना बाई म्हणत. नुसतं म्हणत नव्हते, त्या आल्या की उठूनही उभे राहत.

“नीट ऐका,” बाई म्हणाल्या होत्या. “छप्पर, बाहेरच्या भिंती, फाटक, रस्त्यावरचे दिवे यांचा विमा सोसायटीनं काढलाय. भिंतीपर्यंतचं सोसायटीचं, आतलं ज्याचं त्यानं बघायचं. महिनाअखेरपर्यंत प्रत्येकानं आपापली पॉलिसी आणून दाखवायची. शंका?”

मास्तरांनी हात वर केला. “भिंतीपर्यंत म्हणजे भिंत धरून, की सोडून?”

“म्हणजे?”

“गळ्यापर्यंत बटणं लाव असं गिऱ्हाईक म्हणतं, तेव्हा गळ्याचं बटण धरून की सोडून, हे मी विचारून घेतो. नाहीतर कोट परत येतो!”

बाईंनी कागद चाळले. कागदांतही ‘भिंतीपर्यंत’ एवढंच होतं. “प्रश्न चांगला आहे,” त्या नाइलाजानं म्हणाल्या. बस्स! मास्तरांची छाती तिथल्या तिथे एक साइझ वाढली. आणि मग ते कोटाचं वाक्य त्यांच्या तोंडून गेलं.

घरी आल्यावर चपला काढताना बायको म्हणाली, “माझा भाऊ हेच काम करतो. त्याला बोलावते.”

हेच तर मास्तरांना नको होतं! त्यांचा मेहुणा विमा एजंट होता, आणि माणूस असा गोड बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, आपलं घर संध्याकाळपर्यंत जळणारच आहे. पण बायकोनं फोन लावलाही होता. दुसऱ्या दिवशी मेहुणा हजर.

“दाजी, तीन पॉलिसी आहेत. लहान, मधली आणि मोठी. लहानीत फक्त घरातलं सामान. मधलीत सामान, आतल्या भिंती, फरशी, पाणी गळलं तर ते, आणि तुमच्यामुळे शेजाऱ्याचं नुकसान झालं तर तेही. मोठीत...”

“थांब!” मास्तरांनी हात आडवा केला. “लहान, मधली, मोठी! म्हणजे दोरीवर टांगलेले तयार कपडे! मी जन्मात तयार कपडा अंगाला लावला नाही. आणि शेजाऱ्याचं नुकसान? मी कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते आधी खोड!”

“दाजी, तेच सगळ्यात उपयोगी असतं.”

“तुझ्या उपयोगी!”

मेहुणा बहिणीकडे बघून हसला. बहिणीनं त्याच्यापुढे चहा ठेवला आणि डोळ्यांनीच सांगितलं, थांब थोडा.

मास्तरांचं डोकं मात्र त्या ‘पर्यंत’मध्ये अडकलं होतं. सोसायटीचा विमा नेमका कुठे संपतो आणि आपला कुठे सुरू होतो, हे कळल्याशिवाय माप घ्यायचं कसं? भिंत अख्खी सोसायटीची असेल, तर तिचा विमा आपण का भरायचा? आणि निम्मी आपली असेल, तर ते निम्मं कुठवर? गिऱ्हाइकाची बाही धरून ते आरशात नुसतेच बघत बसू लागले. एका वकिलाच्या पँटला त्यांनी तीन खिसे एकाच बाजूला लावले.

शेवटी रविवारी दुपारी त्यांनी शेजारच्या कॅप्टनना हाक मारली. कॅप्टन म्हणजे मालवाहू जहाजावरून निवृत्त झालेले एकटे गृहस्थ. आयुष्यभर वाऱ्यावर ओरडून बोलल्यामुळे त्यांचा आवाज कुजबुजतानाही फाटकापर्यंत पोचत असे. त्यांना हा प्रश्न बेहद्द आवडला.

“सरहद्दीचा प्रश्न आहे!” कॅप्टन गरजले. “मी पलीकडून ठोकतो. तुम्ही अलीकडून ऐका!”

मास्तरांनी भिंतीला कान लावला. ठक. ठक. ठक.

“काय ऐकू आलं?” पलीकडून आवाज आला. तो ऐकायला भिंतीला कान लावायची गरजच नव्हती.

“पोकळ वाटतंय हो!”

“पोकळ?”

“म्हणजे कापड वेगळं आणि अस्तर वेगळं!” मास्तर हर्षानं ओरडले. “कॅप्टन, अस्तर आपलं, कापड सोसायटीचं! फक्त अस्तर किती जाड आहे, तेवढं कळलं पाहिजे. एक बारीक भोक पाडू. सुईएवढं!”

बायको हॉस्पिटलात ड्यूटीवर होती. ती मुख्य नर्स. ती घरात असती तर ही कथा इथेच संपली असती.

मास्तरांनी कपाटातून ड्रिल काढलं. आधी भिंतीवर खडूनं फुली मारली, कारण खुणेशिवाय ते कशालाच हात लावत नसत. घर्रर्र! प्लास्टर भुरभुरलं, वीट पार झाली, आणि ड्रिल एकदम मोकळ्या जागेत गेलं. “आलं! अस्तर संपलं!” मास्तर ओरडले. इथे थांबायचं होतं. पण माणसाला यश मिळालं की थोडं आणखी पुढे जावंसं वाटतं. ड्रिल पुढे कशाला तरी टेकलं. मास्तरांना वाटलं, हे कापड. त्यांनी जोर लावला.

ते कापड नव्हतं. तो पाइप होता!

पाण्याची पहिली धार थेट मास्तरांच्या चष्म्यावर आली. त्यांनी ड्रिल मागे ओढलं, आणि त्याच्या मागोमाग धारेनं खोली आडवी ओलांडून समोरच्या भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोला आंघोळ घातली. मास्तरांनी भोकावर बोट ठेवलं. मग दोन बोटं ठेवली. मग तळहात. पाणी आता बाहेर कमी येत होतं, पण भिंतीच्या आत खळखळ वाढली होती.

“मास्तर!” पलीकडून कॅप्टनची हाक आली. “तुमच्याकडे काही ओलं झालंय का?”

“थोडंसं!”

“माझ्याकडे थोडंसं नाहीये!”

पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह सोसायटीच्या पेटीत, पेटीला कुलूप, आणि किल्ली बाईंकडे. कॅप्टननी दारात उभं राहून बाईंच्या नावानं अशी हाक मारली, की दुपारची झोप घेणारी अख्खी रांग बाहेर आली. कुणी बादली आणली, कुणी पोछा आणला, बहुतेकांनी मतं आणली. बाई आल्या, किल्ल्यांचा जुडगा हातात, आणि दारातच थांबल्या.

“भोक पाडायची परवानगी घेतली होती?”

“बाई, आधी पाणी बंद करा!”

“घेतली होती की नाही?”

“नाही घेतली!” मास्तर कळवळून ओरडले. दोन्ही हात भिंतीला लावून ते उभे होते, आणि मुंडी मागे वळवून बोलत होते.

त्याच क्षणी बायको ड्यूटीवरून घरी आली. तिनं खोली पाहिली, नवरा पाहिला. रक्त असो वा पाणी, तिच्या दृष्टीनं सारखंच. “सगळे बाजूला व्हा!” तिनं एका टॉवेलची घडी घालून भोकावर दाबली. “दाब धरा! हात काढायचा नाही! बाई, तुम्ही अजून इथेच?”

बाईंना आयुष्यात प्रथमच कुणीतरी वर्गाबाहेर काढलं. त्या अक्षरशः पळत गेल्या, आणि पाणी थांबलं.

प्लंबर आला, त्यानं थोडं प्लास्टर फोडलं, आणि सगळ्यांनी पाळीपाळीनं आत डोकावून पाहिलं. भिंत एक नव्हतीच! दोन घरांच्या दोन वेगळ्या भिंती, मध्ये वीतभर फट, आणि त्या फटीतून सगळ्या रांगेला पाणी देणारा पाइप. पलीकडच्या भिंतीचे सांधे सुटलेले, त्यातूनच सगळं पाणी कॅप्टनकडे गेलं होतं.

मास्तरांच्या चेहऱ्यावर परत रंग आला. ओल्या पँटमध्येच ते ताठ झाले. “म्हणजे पाइप सोसायटीचा! म्हणजे हे सगळं सोसायटीच्या विम्यात!”

“पाइप सोसायटीचा,” बाई म्हणाल्या. “भोक तुमचं.”

मेहुण्याला फोन गेला. “दाजी, मधली पॉलिसी असती ना, तर बघितलं असतं. निदान कॅप्टनचं नुकसान तरी...”

“मग आता घेतो मधली!”

“घ्या की. पण ती उद्याच्या पाण्याला चालते, दाजी. आजच्या नाही.”

मास्तर कॅप्टनच्या घरी गेले. गालिचा भिजून लोळत होता, सोफा फुगला होता. पण खरं दुःख भिंतीवर होतं. तिथे जगाचा एक मोठा कागदी नकाशा लावलेला असे. कॅप्टननी हिंडलेला प्रत्येक सागरी मार्ग त्यावर लाल पेन्सिलीनं काढलेला होता, बंदराशेजारी बारीक अक्षरांत काहीबाही लिहिलेलं होतं. आता नकाशाचा लगदा झाला होता. सगळे महासागर ओघळून सोफ्यावर आले होते.

कॅप्टन काही बोलत नव्हते. कॅप्टन बोलत नाहीत, ही गोष्ट इतकी भयंकर होती की मास्तर खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, “कॅप्टन, मला शिव्या द्या. मोठ्यानं द्या. ऐकायला सगळे दारात उभेच आहेत.”

“बायकोनं आणला होता हा नकाशा,” कॅप्टन हळू म्हणाले. खरंच हळू. “मी घरी आलो, की ती विचारायची, कुठून कुठे गेलास ते दाखव. मग आम्ही दोघं मिळून रेघ ओढायचो.”

मास्तरांना भिंत, अस्तर, पर्यंत, सगळं विसरायला झालं. गळ्यातल्या टेपशी चाळा करत ते म्हणाले, “रेघा पाठ आहेत तुम्हाला?”

“एकूणएक.”

दुसऱ्या दिवसापासून मास्तर दुकान लवकर बंद करू लागले. त्यांनी जाड निळं कापड आणलं, खडूनं त्यावर जग आखलं, जमिनीचे तुकडे कापून लावले, आणि मग लाल दोऱ्यानं कॅप्टनचे मार्ग शिवायला घेतले. कॅप्टन शेजारी बसून सांगत. त्यांचा आवाज पूर्ववत झाला होता.

“अहो, इथे सरळ शिवण काय घालताय? इथे वादळ होतं!”

“मग काय करू?”

“हेलकावे घाला, हेलकावे!”

मास्तरांनी हेलकावे घातले. हात-शिलाईचा इतका वाकडा टाका त्यांनी उमेदवारीच्या काळातही घातला नव्हता. बायको ड्यूटीवरून येताना डबा घेऊन तिकडेच यायची आणि म्हणायची, “ह्या बंदरात जरा जास्त दिवस राहिलेले दिसताय, कॅप्टन.” कॅप्टन लाजून इतक्या मोठ्यानं हसायचे, की नवीन प्लास्टरची काळजी वाटावी. नकाशा भिंतीवर चढला, तेव्हा कॅप्टननी त्यावरून सावकाश बोट फिरवलं. मग नाक शिंकरलं. त्या दिवसापासून त्यांनी मास्तरांना मास्तर म्हणणं सोडलं आणि ‘ए शिंप्या’ म्हणायला सुरुवात केली. मास्तरांना हे फार बरं वाटलं.

महिनाअखेर आली. मास्तरांनी गुपचूप मधली पॉलिसी घेतली. कुठलाही बदल न करता, दोरीवर टांगलेली तशीच. ती बाईंना दाखवायला गेले, तर बाईंच्या टेबलावर पॉलिसींची ही थप्पी! अख्ख्या रांगेनं विमा काढला होता. तोही लहान नाही, मधला नाही, मोठा! खुद्द बाईंनीसुद्धा.

“सगळ्यांनी मोठाच कसा काय घेतला?” मास्तरांनी विचारलं.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही रांगेत राहता म्हणून.”

मास्तर मान खाली घालून घरी आले. घरात मेहुणा मिठाईचा भला मोठा पुडा घेऊन बसला होता. त्यानं उठून वाकून नमस्कारच केला.

“दाजी, काय सांगू! एवढ्या पॉलिसी मी वर्षात विकल्या नव्हत्या. लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, पाइपाचं धरलंय ना? शेजाऱ्याचं धरलंय ना? मला तोंड उघडावं लागत नाही!” मग तो जरा पुढे सरकला, बहीण स्वयंपाकघरात आहे याची खात्री केली आणि आवाज खाली आणून म्हणाला, “दाजी, नाल्यापलीकडे एक नवीन सोसायटी झालीय. अशीच रो-हाउस. तिथले लोक विम्याचं नाव काढत नाहीत. तुम्ही एखाद्या रविवारी तिकडे येऊन जाल का? नुसतं... ड्रिल घेऊन?”

मास्तर भयंकर संतापले. निदान तसं दिसावं, असा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. मग त्यांनी हळूच स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

“ड्रिल तुझं आण,” ते पुटपुटले. “माझं तुझ्या बहिणीनं कुलपात ठेवलंय.”