जुईनगरच्या सुजेचा पाडाव

श्री अंबाबाई प्रसन्न. पृथ्वीवर किती राज्ये आली आणि किती गेली, तख्ते फुटली, बुरूज ढासळले, खाडी बुजवून तीवर शहर वसले, परंतु मौजे जुईनगर, इमारत क्रमांक चार, तिसरा मजला येथील वैशालीबाईसाहेब यांच्या डोळ्यांखालचे दोन खळगे काही बुजले नाहीत. ते बुजविण्याची मोहीम शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, आश्विन मासी जाहली, तिची हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. पदरचे तिखटमीठ घातले नाही. मीठ तर मुळीच नाही, त्याचे कारण पुढे येईल.

बाईसाहेबांची कन्या मनस्वीबाई हिचा साखरपुडा कामोठ्याचे शौनकराव यांशी दसऱ्याचे मुहूर्ती ठरला. फोटोत कन्येशेजारी उभे राहणे आले, सबब खळगे भरणारे औषध जे फिलर, त्याची सुई घ्यावी ऐसा मनसुबा केला. या फनात निष्णात डॉक्टर प्राचीबाई यांनी आगाऊ बजाविले की, सूज आणि काळेनिळे डाग उतरावयास मुदत लागते, तरी कार्याच्या तीन आठवडे आधी यावे. मुदत होतीही. परंतु पितृपक्ष लागला. सासूबाई मुक्ताबाईसाहेब, मूळ सातारा प्रांतीच्या, यांचा कायदा की पंधरवड्यात नवे काही घरात आणू नये. मग फिलर हा नवा माल की जुन्या इमारतीची डागडुजी, यावर दोन दिवस मसलत चालली. बाईसाहेबांचे यजमान रणजीतराव, सोसायटीचे सेक्रेटरी, यांनी निवाडा दिला की डागडुजीसही जनरल बॉडीची मंजुरी लागते. येणेकरून पंधरवडा गेला आणि सुई ऐन घटस्थापनेस टोचली. दसरा दहा दिवसांवर.

दुसऱ्या माळेस प्रातःकाळी बाईसाहेब आरशात पाहतात तो उजवीकडे सुजेने तळ ठोकला आणि डावीकडे जांभळ्या डागाने गालापर्यंत मुलूख मारला. मुक्ताबाईसाहेबांनी तत्काळ आंबेहळद उगाळिली, पळीत कढविली आणि हुकूम केला, "मुका मार हाय त्यो. गरम गरम लाव आन् दाबून चोळ. दोन दिसांत उतरंल." बाईसाहेबांनी चोळिले. दोन घटकांत सूज दुणावली, आणि जांभळ्यानिळ्यावर पिवळे चढून मुद्रा हिरवी जाहली. नवरात्राचा त्या दिवशीचा रंग लाल होता. हिरवा पाचव्या माळेस होता.

मग प्राचीबाईंस फोन गेला आणि तिकडून फर्मान आले की, चोळू नये, शेकू नये, वाफ घेऊ नये, खाली वाकू नये, फडक्यात गुंडाळलेले गार दहा मिनिटे नुसते टेकवावे, उचलावे, काही वेळाने पुन्हा टेकवावे, निजताना डोके दोन उशांवर असावे, मीठ आवरावे, आणि नजर अंधुक झाली वा कळ असह्य झाली तर क्षणाचाही विलंब न करता हुजूर दाखल व्हावे. फर्मान येताच अंमल बसला. फ्रीझरमधील मटारची थैली रणजीतरावांच्या पंच्यात बांधून आघाडीवर रवाना केली. उपवासाचे वेफर्स आणि खारे शेंगदाणे जप्त होऊन मुक्ताबाईसाहेबांच्या ताब्यात गेले आणि त्यांनी ते निष्ठेने संपविले. वाकण्याची मनाई, सबब दारातील रांगोळी रणजीतरावांवर आली. त्यांनी कमळ काढले, ते पार्किंगच्या नकाशासारखे आले.

परंतु सोसायटीच्या देवीची आरती चुकविणे अशक्य. बाईसाहेब तिसऱ्या माळेस निळी साडी आणि काळा गॉगल लेवून खाली उतरल्या. दुसऱ्या मजल्याच्या भाविकाबाई यांनी गॉगलच्या कडेने डाग हेरिला, मग रणजीतरावांकडे एकवार पाहिले, मग पुन्हा डागाकडे पाहिले. रणजीतरावांनी आजवर झुरळासही हात लाविला नव्हता. त्यांच्या तोंडून निघाले, "डोळे आलेत हिचे!"

भाविकाबाई तीन पावले मागे हटल्या. "काकू, लांबूनच नमस्कार हां! पोराची युनिट टेस्ट आहे माझ्या." मग सारी फौज पांगली, आणि रणजीतराव अब्रू राखिली म्हणोन मनी संतोषले.

तो संतोष आरतीच्या प्रसादाइतकाही टिकला नाही. खबर ग्रुपवर गेली, तेथून दरमजल करीत कामोठ्यास पोहोचली, आणि चौथ्या माळेस विहीणबाई गीतांजलीबाई यांचा खलिता आला की, आमच्या मामंजींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले असे, तरी साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर ढकलावा; अथवा आठव्या माळेस व्हिडिओ कॉलवर गॉगल काढून डोळे दाखवावे.

हे ऐकोन मनस्वीबाईंचा धीर सुटला. "आई, शौनकला दसऱ्यानंतर चारच दिवसांनी दुबईला जॉइन व्हायचंय! फोटोत तू कशीही दिस गं, माझी तारीख घालवू नको!" बाईसाहेबांनी मटार डोळ्यांस लाविला.

त्यापुढील चार दिवसांचे वर्णन शेषासही न व्हावे. बाईसाहेब अर्ध्या बसून निजल्या आणि मानेचे दुखणे जडले. पाचव्या माळेस हिरवी साडी आणि हिरवा डाग ऐसे जुळले की रंग पाळण्यात अवघ्या जुईनगरात त्यांची बरोबरी कोणी केली नाही. मात्र पिवळा चौथ्या माळेस येऊन गेला होता, तो गालावर आठव्या माळेस आला. तितकी चूक जाहली. सूज मात्र रात्रंदिवस माघार घेत निघून गेली.

आठव्या माळेस मनस्वीबाईंनी आईच्या पिवळ्या डागावर कन्सीलरचे दोन थर चढविले आणि कॉल लाविला. विहीणबाई मोबाइलमध्ये नाक घालोन बोलिल्या, "वर बघा. खाली बघा. आता डावीकडे. अय्या, लाली अजिबातच नाही की हो! आता कशाला ढकलायचं? आणि गालाचं म्हणाल तर मला चष्म्याशिवाय दिसतच नाही."

येणेप्रमाणे विजयादशमीस, कामोठे येथील हॉलात, दोन्ही कुटुंबांच्या साक्षीने साखरपुडा यथासांग जाहला. मामंजी चष्मा लावून अग्रभागी बसले. सूज निःशेष, डाग नामशेष, खळगे समूळ बुजले. बाईसाहेब जांभळी पैठणी नेसून कन्येच्या उजव्या बाजूस मंचावर, वधूवरांच्या नावांच्या फलकापुढे उभ्या ठाकल्या, हनुवटी किंचित वर केली आणि दिव्यांचा झोत डोळ्यांखाली घेतला. मोहीम फत्ते जाहली, ऐसे या बखरीत दाखल केले असे.

इतक्यात फोटोग्राफर सनी याने कॅमेऱ्यावरून मान वर केली.

"काकू, तुमी जरा साइडला होता का? मागचं नाव झाकलं जातंय."